शारीरविद्येच्या पहिल्या वर्गाचे नियम

कल्याणाहून कर्जतकडे जातांना बदलापूर मागें टाकलें कीं वांगणी लागते. १८५६ सालीं ह्या बाजूस लोहमार्ग आला; त्यापूर्वीं उल्हास नदीच्या कांठचें हें एक भातशेतीचें गांव होतें. अलीकडे त्याचें नांव वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांत आलें तें दोन वेळां. २०१९ च्या जुलैंत उल्हासच्या पुरांत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान अडकली. आणि १७ एप्रिल २०२१ रोजीं येथील फलाटावरून एक मूल रुळांत पडलें असतां पॉइंट्समन मयूर शेळके यांनीं येणाऱ्या गाडीसमोर धांवत जाऊन त्यास वांचविलें. त्या मुलाची आई अंध होती, हा निव्वळ योगायोग नव्हे. मुंबईच्या मानानें येथें बिऱ्हाड परवडतें म्हणून पुष्कळ अंध कुटुंबें वांगणीस येऊन राहिलीं आहेत, व त्यांतील अनेकजण लोकलगाड्यांत किरकोळ जिन्नस विकून चरितार्थ चालवितात.

ह्याच वस्तीलगत आमचें बिऱ्हाड आहे. शेजारची एक मुलगी उल्हासनगराकडील एका महाविद्यालयांत विज्ञानशाखेच्या पहिल्या वर्षांत दाखल झाली, व मानवी जीवशास्त्राच्या प्राथमिक वर्गांत पहिल्याच दिवशीं तिच्या हातीं एक छापील कागद पडला. शेंकडा पंचाहत्तर हजेरी भरलीच पाहिजे; तास सुरू झाल्यावर आंत येतां येणार नाहीं; प्रयोगशाळेंत पांढरा अंगरखा घालावा; प्रयोगवही ठरल्या तारखेस दाखवावी; दुसऱ्याचें उतरून काढल्यास गुण मिळणार नाहींत; मोबाइल बंद ठेवावा; असे विद्यार्थ्याकडून असलेल्या अपेक्षांचे दोन पृष्ठें भरून नियम, आणि शेवटीं विद्यार्थ्याच्या व पालकाच्या सहीसाठीं जागा. सर्व मजकूर इंग्रजींत. मुलीचे वडील तो कागद घेऊन आमच्याकडे आले. "नाना, जरा वाचून सांगा, सही कशावर करायची तें तरी कळूं द्या." आम्हीं तो वाचून दाखविला. मुलगी दाराशीं उभी होती. तिची दहावीपर्यंतची शाळा मराठी. तिनें एवढेंच विचारलें, "नाना, उत्तर मराठींत लिहिलेलें चालेल असें यांत कुठें आहे का?"

त्याविषयीं कागदांत एक अक्षरहि नव्हतें. सही झाली, कागद गेला. पण तो प्रश्न आमच्या मनांतून जाईना. मनुष्याच्या देहाचें ज्ञान ह्या प्रांतांतील विद्यार्थ्यांस प्रथम कोणत्या अटींवर मिळालें, आणि त्या अटींत भाषेची अट केव्हां व कशी शिरली, हें पाहूं लागलों तेव्हां जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

नियमांचीच गोष्ट निघाली म्हणजे आमच्याकडील सर्वांत जुनी नियमावली विसरून चालणार नाहीं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत आरंभींच शिष्याच्या उपनयनाचा अध्याय आहे. शिष्यानें नखें व केंस कापलेले ठेवावे, शुचिर्भूत असावें, खरें बोलावें, गुरूच्या अनुज्ञेनें वागावें, असें अग्नीच्या साक्षीनें त्यास सांगावयाचें असतें. येथवर त्या अध्यायांत आणि शेजारच्या मुलीच्या कागदांत फारसें अंतर नाहीं. अंतर आहे तें पुढेंच. त्याच अग्नीपुढें गुरूहि स्वतःस बांधून घेतो: शिष्य नीट वागत असूनहि आपण त्याच्याशीं वांकडें वागलों तर पाप आपणास लागेल व आपली विद्या निष्फळ होईल. विद्यार्थ्याच्या सहीखालीं शिक्षकाच्या सहीचीहि जागा असावी, ही कल्पना इतकी जुनी आहे.

ह्या ग्रंथांतील अभ्यासक्रमहि नुसता पाठांतराचा नाहीं. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड अशा फळांवर करावा. शीर वेधण्याचा सराव मेलेल्या जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठावर करावा. पट्ट्या बांधण्यासाठीं कापडाचा पुतळा घ्यावा, असें त्यांत सांगितलें आहे. शारीरस्थानांत तर प्रत्यक्ष प्रेत पाहण्याची रीत आहे. विषानें किंवा दीर्घ रोगानें न मेलेल्या मनुष्याचें सर्वांगपूर्ण शव घ्यावें, गवत-वल्कलांनीं गुंडाळून पिंजऱ्यांत ठेवावें, वाहत्या पाण्यांत निवांत जागीं सात रात्री कुजूं द्यावें, आणि मग वाळा, केस, वेळू इत्यादिकांच्या कुंच्यानें हळुहळु घासून त्वचेपासून आंतपर्यंत एकेक अवयव डोळ्यांनीं पाहावा. शस्त्रानें न कापतां पाहण्याची ही युक्ति ओबडधोबड खरी, पण तिच्या मागचा आग्रह स्पष्ट आहे. ज्यानें आंतील अवयव पाहिले नाहींत त्यानें शल्याच्या वाटेस जाऊं नये.

पुढें ग्रंथ राहिला आणि हात थांबला. शवाच्या विटाळाची कल्पना जसजशी घट्ट झाली तसतसें हें काम उच्च म्हणविणाऱ्या जातींच्या हातून गेलें, आणि पाठांतर तेवढें उरलें. पेशवाई बुडाली त्या सुमारास वाग्भट मुखोद्गत असणारे वैद्य आमच्याकडे होते; यकृत डोळ्यांनीं पाहिलेला वैद्य शोधावा लागला असता. ह्याबद्दल पाश्चात्यांनीं आम्हांस पुष्कळ हिणविलें, म्हणून एक गोष्ट येथें नमूद करतों. त्याच काळांत खुद्द ब्रिटनमध्यें विद्यार्थ्यांच्या टेबलावर येणारीं प्रेतें बहुधा चोरीचीं असत. १८२८ सालीं एडिंबरोस बर्क व हेअर ह्या दोघांनीं प्रेतें विकण्यासाठीं माणसेंच मारल्याचें उघडकीस आलें, आणि १८३२ त पार्लमेंटास कायदा करून बेवारस प्रेतें शाळांस देण्याची सोय करावी लागली. मृतदेहाला हात लावण्याची भीति केवळ गंगा-गोदेच्या तीरींच राहात होती असें नव्हे.

आतां मुंबईकडे वळूं. १८२६ सालीं, एल्फिन्स्टनसाहेब गव्हर्नर असतां, डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखालीं येथें देशी वैद्यकशाळा निघाली. कलकत्त्यास अशी शाळा १८२२ तच सुरू झाली होती. सरकारचा हेतु धर्मार्थ होता असें समजण्याचें कारण नाहीं. पलटणींस व सरकारी दवाखान्यांस हाताखालचीं माणसें हवीं होतीं, आणि तीं विलायतेहून आणणें परवडत नव्हतें. पण हेतु कांहींहि असो, ह्या शाळेची एक गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. तिच्यांत पाश्चात्य वैद्यक देशी भाषेंतून शिकविलें जाई, आणि मॅक्लेनन यांनीं त्यासाठीं मराठी व गुजराथी पुस्तकें तयार करण्याचे श्रम घेतले. त्यावेळीं मराठी गद्य म्हणजे काय होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या कामाचा अवघडपणा समजेल. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं छापून बाहेर पडला. म्हणजे शाळा पांच वर्षें चालून झाल्यावर! स्नायु, शिरा, धमनी, नाडी हे शब्द वैद्यांच्या पोथ्यांत होते, पण त्यांचे अर्थ एकमेकांत मिसळलेले. 'स्नायु' शब्दानें सुश्रुत जें दाखवितो तें आजच्या शाळेंतील 'स्नायु' नव्हे. तो सांध्यांस बांधणाऱ्या तंतुबंधांस तो शब्द लावतो. अशा शब्दांनीं नवी विद्या सांगावयाची, तीहि ज्यांनीं शरीर आंतून कधीं पाहिलें नाहीं अशा मुलांस.

१८३२ सालीं ही शाळा बंद झाली. अपेक्षिलेलें फळ आलें नाहीं असा तिच्यावर ठपका बसला, आणि त्या ठपक्यांतून पुढच्या पिढ्यांनीं सोयीस्कर निष्कर्ष काढला कीं देशी भाषेंतून हें शास्त्र शिकवितांच येत नाहीं. आमच्या मतें हा निष्कर्ष घाईचा आहे. त्या शाळेंतील मुलांच्या हातून मनुष्यदेहाचें विच्छेदन होत नव्हतें. हाडांचे सांगाडे, चित्रें, वर्णनें एवढ्यावर शारीर शिकवावयाचें म्हणजे पोहणें काठावर बसून शिकविण्यासारखें आहे. तें इंग्रजींतून शिकविलें असतें तरी बुडणारा बुडालाच असता. परंतु अपयशाचा दोष कोणावर तरी घालावा लागतो. भाषा बिचारी उलट बोलत नाहीं.

कलकत्त्यास हाच प्रश्न अधिक गाजावाजानें निकालांत निघाला. लॉर्ड बेंटिंकनें नेमलेल्या समितीनें देशी वैद्यकशाळा व संस्कृत विद्यालयांतील वैद्यकाचा वर्ग हे दोन्ही मोडून टाकण्याची शिफारस केली, आणि २८ जानेवारी १८३५ च्या हुकमानें नवें वैद्यक विद्यालय निघालें. त्याचे नियम पाहण्यासारखे आहेत. विद्यार्थी चौदा ते वीस वर्षांचा असावा. प्रतिष्ठित घरचा व सद्वर्तनी असावा. त्यास इंग्रजीबरोबर बंगाली किंवा हिंदुस्थानी लिहितां-वाचतां यावें. अभ्यास चार वर्षांहून कमी नाहीं व सहांहून अधिक नाहीं. आणि शास्त्र शिकावयाचें तें युरोपांतील पद्धतीस काटेकोर धरून. मेकॉलेचें शिक्षणाविषयींचें सुप्रसिद्ध टिपण त्यानंतर आठवड्याच्या आंत, २ फेब्रुवारी १८३५ रोजीं लिहिलें गेलें. म्हणजे आमच्या देशांत इंग्रजीचा जय प्रथम झाला तो काव्य-नाटकांच्या वर्गांत नव्हे, वैद्यकाच्या वर्गांत! १८३६ सालीं मधुसूदन गुप्त या वैद्यकुलांतील पंडितानें कलकत्त्यास मनुष्याच्या प्रेतावर शस्त्र चालविलें, व त्या सन्मानार्थ फोर्ट विल्यममधून तोफा झाल्या अशी परंपरागत कथा आहे. तोफांचें आम्ही सोडून देतों. लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं मधुसूदन हे संस्कृत विद्यालयांत आयुर्वेद शिकविणारे गृहस्थ होते. हात पुढें करण्यास त्यांस इंग्रजी शिक्षण लागलें नाहीं.

मुंबईस हें काम सर रॉबर्ट ग्रांट या गव्हर्नरनें मनावर घेतलें. १८३५ त ते आले. प्रांतांतील वैद्यकाची स्थिति काय आहे, कोण उपचार करतो, शाळा काढल्यास मुलें मिळतील काय, अशी प्रश्नावली त्यांनीं जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरविली. ह्या कामांत डॉ. चार्ल्स मोरहेड त्यांचे मदतनीस होते. योजना विलायतेस गेली. पण मंजुरीची वार्ता येण्यापूर्वींच ९ जुलै १८३८ रोजीं पुण्याजवळ दापोडीस ग्रांटसाहेब वारले. वर्गणी जमली, विद्यालयास त्यांचें नांव देण्याचें ठरलें. त्याच सुमारास सर जमशेटजी जीजीभाई यांनीं रुग्णालयासाठीं एक लाख रुपये दिले. दोन्ही इमारतींचे पाये १८४३ सालीं भायखळ्याच्या बाजूस घातले गेले, आणि १८४५ च्या नोव्हेंबरांत ग्रांट वैद्यक विद्यालयाचा पहिला वर्ग भरला.

ग्रांटसाहेबांच्या मृत्यूपासून पहिल्या तासापर्यंत सात वर्षें गेलीं. त्या दिरंगाईवर टीका करणें सोपें आहे, परंतु रुग्णालय उभें राहिल्यावांचून वर्ग उघडावयाचा नाहीं ही गोष्ट त्यांत साधली, आणि तीच पुढें ह्या विद्यालयाची खरी पुंजी ठरली. शिक्षक तिघेच: मोरहेड यांच्याकडे वैद्यक, जॉन पीट यांच्याकडे शारीर व शस्त्रक्रिया, हर्बर्ट जिरो यांच्याकडे रसायन व औषधिविज्ञान. मोरहेड हे विद्यालयाचे मुख्य. त्यांचा आग्रह असा कीं विद्यार्थी थोडे असोत, पण पक्के असोत. इंग्रजीची परीक्षा उतरल्यावांचून प्रवेश नाहीं. शवविच्छेदन प्रत्येकानें स्वतः करावयाचें. आणि रोग शिकावयाचा तो रोग्याच्या खाटेजवळ उभें राहून. व्याख्यान ऐकून वही भरली म्हणजे अभ्यास झाला ही समजूत त्यांस मान्य नव्हती. सरकारला झटपट तयार होणारीं स्वस्त माणसें हवीं असतांना असा आग्रह धरणें सोपें नसावें.

१८५१ सालीं ह्या विद्यालयानें पहिल्या पदव्या दिल्या. तेव्हां मुंबईस विद्यापीठ नव्हतें, तें १८५७ त आलें. म्हणून विद्यालयानें आपल्याच नांवाची 'ग्रांट वैद्यक विद्यालयाचा पदवीधर' अशी पदवी निर्माण केली. उत्तीर्ण झालेले आठजण असे: भाऊ दाजी, अनंत चंद्रोबा, आत्माराम पांडुरंग, मेरवानजी सोराबजी, बर्जोरजी दोराबजी, सेबॅस्टियन कार्व्हालो, जे. सी. लिस्बोआ आणि पॉल फ्रान्सिस गोम्स. तीन मराठी हिंदु, दोन पारशी, तीन ख्रिस्ती. सहा वर्षांपूर्वीं ज्यांनीं एकमेकांच्या घरचें पाणी घेतलें नसतें असे हे आठजण एकाच टेबलाभोंवतीं एकाच देहावर वांकून शिकले. वर्गाच्या नियमांत जातीविषयीं कांहीं लिहिण्याची गरज पडली नाहीं. टेबलानेंच तें काम केलें.

ह्यांपैकीं भाऊ दाजींचें नांव वाचकांस निराळें सांगावयास नको. गोमंतकांतील मांजरें हें त्यांचें जन्मगांव. एल्फिन्स्टन संस्थेंत ते शिक्षक होते, व ती नोकरी सोडून पुनः विद्यार्थ्याच्या बांकावर येऊन बसले. बालहत्येवरील निबंधास त्यांस बक्षीस मिळालें. पुढें गरिबांसाठीं धर्मार्थ दवाखाना, महारोगावर खष्टाच्या जातीच्या बियांच्या तेलाचा प्रयोग, आणि शिलालेख व नाणीं यांचें संशोधन. बावन्नच्या आसपासच्या आयुष्यांत, १८७४ पर्यंत, एवढें सारें. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांनीं १८६७ त प्रार्थनासमाजाच्या स्थापनेंत पुढाकार घेतला. लिस्बोआ यांनीं मुंबई इलाख्यांतील गवतांचा अभ्यास केला. एका लहानशा वर्गांतून इतक्या दिशांनीं माणसें निघालीं ह्याचें श्रेय आम्ही इंग्रजी भाषेस देत नाहीं. प्रत्यक्ष पाहिल्यावांचून कांहीं मानूं नये, ही संवय ज्यास एकदां लागली त्यास ती शिलालेखापुढें किंवा गवताच्या पातीपुढेंहि सोडीत नाहीं.

आमच्या मतास पुरावा काय, असें कोणी विचारील. पुरावा त्याच विद्यालयाच्या आवारांत आहे. १८६१ सालीं तेथें मराठी व गुजराथी भाषांतून शिकविण्याचे वर्ग निघाले. दवाखान्यांस हाताखालचीं माणसें पुरविण्याचीच गरज पुनः उभी राहिली होती. पण ह्या खेपेस वर्गाशेजारीं विच्छेदनगृह होतें, रुग्णालय होतें, आणि शिकविण्यास ग्रांट विद्यालयाचेच देशी पदवीधर होते. जी भाषा १८३२ त अपुरी म्हणून बाजूस सारली गेली तीच भाषा तीस वर्षांनीं त्याच शहरांत पुरली. भाषा तेवढ्यांत फार बदलली होती असें नाहीं. शेजारची खोली बदलली होती. डॉ. सखाराम अर्जुन यांचा 'वैद्यतत्त्व' हा मराठी ग्रंथ १८६९ चा. हे सखाराम अर्जुन म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील. १८८३ त मुंबईची निसर्गेतिहास मंडळी स्थापन झाली तेव्हां तिच्या आठ संस्थापकांत दोनच हिंदी गृहस्थ होते, हे आणि आत्माराम पांडुरंग. देशी भाषेंतील हे वर्ग पुढें पुणें व अहमदाबाद येथील वैद्यकशाळांकडे गेले. त्यांतून निघालेलीं माणसें तालुक्याच्या दवाखान्यांत आयुष्यभर राबलीं. पण इंग्रजी वर्गाची पदवी ती पदवी आणि मराठी वर्गाचा दाखला तो दाखला, ही उतरंड तेव्हांच पक्की झाली. ज्ञान मराठींत मावलें, मान मावला नाहीं.

येथवरच्या कोणत्याहि नियमावलींत एक नियम लिहिलेला आढळत नाहीं, कारण तो लिहिण्याचीहि कोणास गरज वाटली नव्हती: विद्यार्थी पुरुष असावा. तो नियम मोडणारी मुलगी आमच्या ह्याच टापूंतली. कल्याणच्या जोशी घराण्यांतील यमुना, लग्नानंतरची आनंदीबाई, हिचा जन्म १८६५ चा. नवव्या वर्षीं लग्न, चौदाव्या वर्षीं मूल, आणि तें दहा दिवसांत गेलें. तिच्या नवऱ्याच्या, गोपाळरावांच्या, तऱ्हेवाईक हट्टाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्ही त्यांत शिरत नाहीं. ७ एप्रिल १८८३ रोजीं ती कलकत्त्याहून आगबोटीनें निघाली, आणि अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया स्त्री-वैद्यक विद्यालयांत दाखल झाली. तें विद्यालय १८५० सालीं निघालें, तें इतर विद्यालयांचीं दारें स्त्रियांस बंद होतीं म्हणूनच. तेथें आनंदीबाई प्रवेशासाठीं आली तेव्हां तिच्यापाशीं रीतसर शाळेचे दाखले असे थोडेच. तिनें अर्जांत आपली तयारी व आपला हेतु सरळ लिहून कळविला. विद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडली यांनीं तिला घेतलें व शिष्यवृत्तीची सोयहि केली. नियम मोडून नव्हे. नियम कशासाठीं आहे तें ओळखून.

घरचें अन्न आणि घरचें वस्त्र सोडणार नाहीं, असें आनंदीबाईनें निघतांनाच सांगितलें होतें. फिलाडेल्फियाच्या थंडींत तें पाळतांना तिची प्रकृति ढासळत गेली. परंतु विच्छेदनाच्या मेजापुढें तिनें सवलत मागितली नाहीं. ११ मार्च १८८६ रोजीं तिला पदवी मिळाली. समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. तिच्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंचें प्रसूतिशास्त्र. सातासमुद्रांपलीकडे इंग्रजींत लिहितांना ह्या वीस वर्षांच्या मुलीनें आपल्या पोथ्या उघडल्या, ह्याचें आम्हांस पदवीहून अधिक कौतुक वाटतें. कोल्हापूरच्या रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर तिची नेमणूक झाली, पण त्या कामावर रुजू होणें तिच्या नशिबीं नव्हतें. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास क्षयानें ती वारली. ज्या १८८३ सालीं ती बोटींत बसली त्याच सालीं मुंबईच्या ग्रांट विद्यालयानें स्त्रियांस प्रवेश खुला केला. थोडें आधीं तें दार उघडतें तर! इतिहासांत अशा 'तर'ला जागा नसते हें आम्हांस ठाऊक आहे. तरी कल्याण स्थानकावरून जातांना तें मनांत येतेंच.

ह्या साऱ्या हकीकतींत एका पक्षाविषयीं कोणी नियम केले नाहींत, तो म्हणजे टेबलावर निजलेला. भाऊ दाजींचीं चरित्रें आहेत, आनंदीबाईचीं आहेत. ज्यांच्या देहांवर तीं दोघें शिकलीं त्यांचीं नांवेंसुद्धां कोठें नाहींत. ते बेवारस होते, म्हणजे बहुधा गरीब होते, आणि त्यांची संमति कोणी विचारली नव्हती. १८३२ च्या विलायती कायद्याचें तत्त्व आमच्याकडे १९४९ च्या मुंबईच्या शरीररचनाशास्त्र कायद्यांत आलें: ज्या मृतावर कोणी हक्क सांगत नाहीं त्याचा देह विद्यालयास मिळावा. आतां लोक आपण होऊन देहदानाचे अर्ज भरतात, आणि पुष्कळ वैद्यक महाविद्यालयांत पहिल्या दिवशीं विद्यार्थी त्या देहापुढें उभे राहून आदराची शपथ घेतात. ही सुधारणा खरी. सुश्रुताच्या अग्नीनंतर शिक्षणाच्या आरंभीं असा विधि पुनः येण्यास फार काळ लागला.

शेजारच्या मुलीच्या वर्गांत मात्र शव नाहीं, आणि आतां बेडूकहि नाहीं. २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगानें जीवशास्त्राच्या वर्गांतील प्राण्यांचें विच्छेदन बंद केलें. त्या मुक्या जीवांकडे पाहिलें म्हणजे हें योग्यच झालें असें आम्हांस वाटतें, परंतु हात पुनः काठावर येऊन बसला हेंहि खरें. ती पडद्यावर हृदय पाहते, प्लास्टिकचा डोळा उघडून पुनः मिटते. त्यांतून जी शब्दांची वाट उरते ती इंग्रजी. मध्यप्रदेशांत २०२२ सालीं वैद्यकाचीं हिंदी पाठ्यपुस्तकें निघालीं तेव्हां १८३२ सालचे सर्व युक्तिवाद दोन्ही बाजूंनीं पुनः ऐकूं आले. मॅक्लेनन यांचें नांव मात्र कोणाच्या तोंडीं आलें नाहीं.

गेल्या महिन्यांत एका संध्याकाळीं आमच्या ओटीवर ती मुलगी वही घेऊन बसली होती. गाडींत कंगवे-पिना विकून परतलेले आमचे एक अंध शेजारी काठी टेकवून पायरीवर बसले. डोळ्यांवर धडा चालला आहे हें ऐकून त्यांनीं विचारलें, "बाळ, वस्तींतल्या एकाला मेलेल्या माणसाचा डोळा बसवला, त्याला आतां दिसतें. मला डॉक्टर नाहीं म्हणाले. असें का?" तिनें प्रथम वहींतलें इंग्रजी वाक्य वाचलें. ते गप्प राहिले. मग ती थांबली, आणि हाताची मूठ करून तीवर त्यांचा हात ठेवला. "काका, सबंध डोळा नाहीं बसवत. हा डोळा समजा. पुढें ही कांच असते, घड्याळाला असते तशी, पारपटल म्हणतात. ती पांढरी पडली तर दुसऱ्याची लावतां येते." मग त्यांचें बोट तिनें आपल्या मनगटावर नेलें. "आणि मागून ही अशी दोरी निघते, मेंदूकडे जाते. तुमची ही दोरी सुकली असेल. ती अजून कुणाला जोडतां येत नाहीं."

त्यांनीं तिची मूठ पुनः एकदां चांचपली, मनगटापर्यंत. "म्हणजे कांच शाबूत आहे माझी," ते म्हणाले. आणि दुसऱ्या डोळ्याचेंहि तसेंच असतें का, तें विचारूं लागले.